जिलानीचाचाच्या डावातला भूकंप

लातुरात क्लासवाले मास्तर पायलीचे पन्नास. फिजिक्सचे वेगळे, बायोलॉजीचे वेगळे, नुसत्या युक्त्या शिकवणारे तर त्याहून वेगळे, अन् प्रत्येकाचा फोटो बसस्टँडपासून गांधी चौकापर्यंत लटकलेला. पण डावमास्तर अख्ख्या शहरात एकच, जिलानी जिल्दवाला. त्याचा फोटो कुठं लागला नाही. लागायला पाहिजे होता, हे आमचं स्पष्ट मत.

तसा धंदा पुस्तकं बांधायचा, बापजाद्यांपासूनचा. क्लासचं पीक आलं तशा पोरांच्या नोट्स जिल्दीला यायला लागल्या. त्यातच इंजिनिअरिंगच्या एका पोरानं इंग्रजी झेरॉक्सचा गठ्ठा टाकला आणि पुण्याला गेला तो गेलाच. गठ्ठा होता एका खेळाच्या नियमांचा. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी शिपाई, कुणी जादूगार, कुणी चोर. मास्तरनं सांगायचं, "म्होरं नदी हाय, पूल मोडलाय, काय करता?" ज्यानं त्यानं आपल्या पात्राची करामत तोंडानं सांगायची आणि ती जमली का फसली ते फाशानं ठरवायचं. दहावी नापास जिलानीनं डिक्शनरी मांडीवर घेऊन तो गठ्ठा वाचला. अर्धा कळला, अर्धा मनानं भरला. तेव्हापासून दर आयतवारी, आठवड्याची टेस्ट झाली की दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली आणि आत डाव.

जिलानीची खरी मर्दुमकी कशात? तर पोरगं कसलंही येडंवाकडं पात्र मागो, हा बाबा "न्हाई" म्हणत नसे. "आधी हाव, मग अट," हा त्याचा कायदा. बिलोलीच्या एकाला घोडा व्हायचं होतं. "हाव. पण हात न्हाईत अन् बोलता येत न्हाई. दाराची कडी कशी काढतोस बघू." त्या घोड्यानं दातांनी कडी काढून सगळ्यांना तुरुंगातून सोडवलं, तेव्हा असा गलका उठला की शेजारचा पंक्चरवाला धावत आला, काय झालं म्हणून. धर्माबादच्या मिरची व्यापाऱ्याची अलीझा. तिला बाजेवरून न उठणारी नव्वदीची म्हातारी व्हायचं होतं. "हाव. पण गावात कुणाचं काय चाललंय हे तुलाच ठाऊक." बास. त्या दिवसापासून उदगीरचा शिवशंकर, जो कायम तलवारवाला शिपाई, तो बिचारा दर लढाईआधी म्हातारीचे पाय चेपायला लागला.

असा हा जिलानी एकदाच अडला. वर्षाराणीपाशी.

अकरावीतली पोर, निलंग्याकडच्या पुनर्वसनातल्या गावची. नोट्स न्यायला आली आणि डाव बघत उभी राहिली. जिलानीनं स्टूल सरकवलं. "बस की. कोण व्हायचंय तुला?"

"मला भूकंप व्हायचंय."

शिवशंकर खो खो हसला. "चाचा, ही तर डावच बसवती आपला!"

जिलानी हसला नाही. "न्हाई," म्हणाला. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

त्याचंही चुकलं असं कोण म्हणेल? त्र्याण्णव साली, गणपती बुडवून लोक झोपले होते त्या पहाटे, तेरणाकाठच्या सासरी त्याची धाकटी बहीण सबिहा मातीच्या माळवदाखाली गेली. जिलानीनं हातांनी दगड उपसले होते. त्या गोष्टीला आपल्या टेबलावर जागा द्यायची? धीर झाला नाही त्याचा.

वर्षाराणी उठली. "बरं. घरी बी न्हाईच असतंय."

"म्हंजी?"

मग पोरीनं सांगितलं. त्यांच्या घरात सगळं भूकंपच ठरवतो. वडील, सटवाजीआबा, अजून अंगणात झोपतात, पावसात पत्र्याखाली. जिना दिसला की पाय मागं. हॉस्टेल तिसऱ्या मजल्यावर आहे हे तिनं लपवून ठेवलं होतं, ते आता घरी कळलं. येत्या आयतवारी आबा तिला न्यायला येणार. डॉक्टरकी संपली, शिक्षणच संपलं. "जायच्या आधी एकदा तरी मला ठरवू द्या, चाचा," म्हणाली आणि नोट्स घेऊन गेली.

घरी जिलानीनं हे बायकोला, वहिदाला, सांगितलं. वहिदा फटकळ. "अजी, लोकाच्या घोड्याला हाव म्हणता आन् या लेकराला न्हाई? सबिहा माझी बी नणंद होती. मास्तरकी झेपत नसंल तर सोडा, पुठ्ठे चिकटवत बसा."

ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी काम करता करता एका नोट्समध्ये भलामोठा आलेखाचा कागद निघाला. नवखा कारागीर असता तर चर्रकन कापून मोकळा झाला असता. जिलानी तसला कागद कधी कापत नसे, घडी घालून आतच शिवत असे. उघडला की पुरा उलगडला पाहिजे. घडी घालता घालता त्याचा हात थांबला. एवढी साधी गोष्ट, आणि आपण पोरीलाच कापायला निघालो होतो, या विचारानं त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं हॉस्टेलवर निरोप धाडला.

आयतवारी वर्षाराणी आली. जिलानी म्हणाला, "हाव. तू भूकंप. कुठलंबी गाव हलवायचा हक्क तुझा. पण अट ऐक. फासा टाकायच्या आधी घरोघर फिरायचं. कोण कुठं निजलंय, सगळं सांगायचं. आन् घरातल्यांनी काय बी विचारलं तर खरंच बोलायचं. खोटं बोललीस की फासा गेला."

भूकंप गावात शिरला. पहिल्याच घरात अलीझाची म्हातारी बाजेवर. "आलास का मुडद्या? आधी जरा पाठ खाजव," म्हणाली. सगळे हसले, वर्षाराणीसुद्धा. शिवशंकर तलवार उपसून उभा, पण भूकंपाला तलवार मारायची कुठं! तिसरं घर झालं आणि शटरखालून वाकून एक माणूस आत आला. पांढरं धोतर, हातात रिकामी पिशवी. सटवाजी.

"सामान कुठंय तुझं?"

"बसा, सटवाजीभाऊ," जिलानी म्हणाला. "डाव अर्धा हाय." आणि लपवाछपवी न करता, पोरगी कोण झाली आहे तेही सांगून टाकलं.

सटवाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला. "थट्टा मांडली व्हय? माझी माय गेली त्यात, माझं थोरलं लेकरू गेलं!"

"माझी बहीण गेली, भाऊ," जिलानी म्हणाला. "मी बी आधी न्हाईच म्हणालो होतो."

सटवाजी त्याच्याकडं बघत राहिला. मग धपकन स्टुलावर बसला. जिलानीला धोका कळत होता. डाव फिसकटला तर पोरीचं शिक्षण तर जाणारच, वर बापाची जखम आपण उघडी केली असं होणार. तरी तो म्हणाला, "चौथं घर तुमचं. विचारा काय विचारायचं ते. भूकंपाला खरं बोलावंच लागतंय."

मग सटवाजीनं पोरीकडं न बघता विचारलं, "कामून आलास?"

"कारण न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "मला तुमचं नाव बी ठावं नव्हतं."

"माझ्या घरात कोण होतं, सांग."

"मधल्या खोलीत तुमची आई. तिच्या कुशीत विरू. गणपती बुडवून आला होता. लई दमला, म्हणून कपाळाचा गुलाल न धुताच झोपला."

हे तिला आईनं सांगितलेलं. आबांच्या तोंडून विरूचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. सटवाजीनं पटक्याचा सोगा डोळ्यांना लावला आणि लहान लेकरासारखा रडला. जिलानीही रडला. लाजायचं काय त्यात?

"परत येशील का?" सटवाजीनं शेवटी विचारलं.

शिवशंकरनं जीव मुठीत धरून वर्षाराणीकडं पाहिलं. न्हाई म्हण, एवढंच म्हण! एका खोट्यात काम होत होतं.

"ठावं न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "पण सोळा वर्सं झाली, मी तुमच्या घरी आलो न्हाई. तरी तुमी समदं मलाच विचारून करून राहिलात. पोरीनं कुठं निजावं, कुठं शिकावं. एकदा तिला विचारा की."

सटवाजीनं मान वर केली. आता तो भूकंपाकडं बघत नव्हता. "काय म्हणतीस, बाई?"

"राहू द्या मला, आबा."

सटवाजी उठला आणि म्हणाला, "चल, खोली दाव." जिलानी मागोमाग गेला. पहिल्या मजल्यापर्यंत सटवाजीनं भिंतीला हात लावून ठेवला होता, दुसऱ्यावर तो घामानं भिजला. तिसऱ्यावर पोरीच्या पलंगावर बसला, आणि खूप वेळानं दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. रिकामी पिशवी घडी करून खिशात टाकली. जिलानीला वाटलं, साऱ्या लातूरला ओरडून सांगावं, ही बघा माझी पोर!

खाली रस्त्यावर आल्यावर सटवाजी घुटमळला. "पोरगी म्हणती, दर आयतवारी डाव असतोय. मी आलो तर मला बी कुणी होता येतंय का?"

"कोण व्हायचंय, भाऊ?"

सटवाजीनं तिसऱ्या मजल्याकडं पाहिलं. खिडकीत वर्षाराणी उभी होती.

"घर," तो म्हणाला. "पडलेलं न्हाई. हुभं."

घर! आजवर कुणी मागितलं नव्हतं. पण जिलानीनं त्याचं वाक्य पुरतं संपूही दिलं नाही.

"हाव," म्हणाला. "अट एकच. पोरगी जाऊन-येऊन राहील. दार उघडं ठिवावं लागंल."

सटवाजीनं मान डोलावली आणि निलंग्याच्या गाडीला निघाला.