चुलीमागची भिंत

किन्हीराजा गावचा गोविंदा तरुणपणी हिवतापाच्या फवारणीवर जायचा. बादलीत औषध कालवायचं, एकानं पंप हाणायचा, दुसऱ्यानं नळी भिंतीवर फिरवायची. भिंतीवर बसलेला डास त्या औषधानं मरायचा. पण टोळीची पाठ फिरली की बाया भिंती सारवून घेत, अन् औषध शेणामातीखाली गडप होई. नाल्यात डबकी साचलेलीच असत. ताप काही गाव सोडत नव्हता.

जगदेवरावांच्या घरी अडचण निराळी होती. ओसरी झाली, बैठक झाली, की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. "तिकडचं राहू दे, गोविंदा." कारण कोणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बौद्धांच्या घरचा माणूस चुलीपाशी कसा जाणार? मग त्या काळ्या भिंतीवर डास सुखानं बसत, अन् दिवे लागले की साऱ्या गावाला चावत.

एका पावसाळ्यात गोविंदाची बायको लिलाबाई हुडहुडी भरून पडली. घरातल्या सगळ्या वाकळा टाकल्या तरी थरथर थांबेना. गोळ्यांनी ती उठली. जगदेवरावांचा मुलगा हरीओम मात्र उठायचा अन् पुन्हा तापानं पडायचा. पोराच्या हातापायाच्या काड्या झाल्या.

त्यात फवारणीची पाळी आली. जगदेवराव नेहमीसारखे दारात उभे राहिले. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी कस्तुराबाई आल्या.

"बाजूले व्हा! लेकरू हातचं जाऊन राह्यलं, अन् तुमी चूल राखता?"

त्यांनी स्वतः पिठाचा डबा, हंडे, भांडी अंगणात नेऊन ठेवली. मग पदर खोचून म्हणाल्या, "ये गोविंदाभाऊ. चुलीमागं बी मार."

गोविंदानं इतकी घरं फवारली होती, पण त्या चुलीपाशी तो पहिल्यांदाच गेला. कोपरान् कोपरा त्यानं भिजवला. जगदेवराव अंगणात तोंड फिरवून बसले होते. काम झाल्यावर कस्तुराबाईंनी चहा दिला, घरच्याच कपात. ती भिंत त्यांनी दिवाळीपर्यंत सारवली नाही. गोळ्या चालू होत्याच, हरीओम सावरला.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. जगदेवराव गेले, लिलाबाईही गेली. भिंती सिमेंटच्या झाल्या. तरी यंदा गावात पुन्हा हिवतापाचे दोघं निघाले. नळ आठवड्यानं येतो, म्हणून घरोघरी टाक्या भरून ठेवलेल्या, त्यांतल्या अर्ध्या उघड्याच.

हे ऐकून गोविंदा काठी टेकत कस्तुराबाईंकडे गेला. दोघं निंबाखाली बसली.

"भाऊ, त्या दिवशी मले लय भेव लागलं होतं," कस्तुराबाई म्हणाल्या.

"कायचं? तापाचं?"

"तापाचं कायले? ह्यायचं! रात्री जेवतीन का नाही, हेच मनात."

"मंग? जेवले काय?"

"दोन भाकरी जास्त खाल्ल्या!"

गोविंदा इतका हसला की त्याला ठसका लागला. कस्तुराबाई पाणी आणायला उठल्या.