मोकळ्या जमिनीवरची सळई

“असं उभं राह्यलं तर पहिल्याच सळईला पाय जाईल की तुमचा!”

नाटकाची तालीम थांबली. दारात सुजाताचे वडील उभे होते. एमआयडीसीतल्या लोखंडी सळया बनवणाऱ्या री-रोलिंग मिलमध्ये बावीस वर्षं काम. लालबुंद सळई एका रोलमधून बाहेर आली, की चिमट्यानं पकडून दुसऱ्या रोलमध्ये घालायची. आज ते मुलीला न्यायला आले होते, कायमचं. “नुसत्या उड्या मारून राह्यली पोरगी,” असं फोनवर मला आधीच सुनावलं होतं. प्रयोग आठ दिवसांवर, आणि मुख्य काम तिचंच.

मी फिजिकल थिएटर करतो. संवाद कमी, शरीर जास्त. लिहिलेलं नाटक नसतंच. विषय घ्यायचा, हालचाली करून बघायच्या, खोटं वाटेल ते टाकायचं. उरेल ते नाटक. याला डिव्हायझिंग म्हणतात. यंदाचा विषय मिल. ती आम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघून बसवली होती. माझ्या मते झकास!

“मग तुम्हीच दाखवा ना काका,” मी चिडून म्हणालो.

त्यांनी चपला काढल्या.

“सळई दिसल्यावर हललं की संपलं. आवाज बदलला की आधी पाय हलवायचा.”

रिकाम्या हातांनी त्यांनी पकडलं, वळले, सोडलं. परत. परत. चेहऱ्यावर घाम आला. दर वेळी ते एक मोकळी जागा ओलांडत होते.

“तिथं काय आहे?”

“सळईची शेपूट, मागचं टोक. ती पुढं जास्तोवर तिथं पाय ठेवायचा न्हाई.”

देवाशपथ सांगतो, मला ती शेपूट दिसली. एवढं नाटक माझ्या वीस वर्षांत मी उभं केलेलं नाही.

“पप्पा, तुम्ही रोज हे करता?” सुजातानं विचारलं.

“मंग तुला काय वाटलं? ये, माझ्या मागं उभी राह्य.”

तासभर दोघं ती जागा ओलांडत राहिले. मी भीत भीत विचारलं, “काका, नेताय का हिला?”

“कशी नेऊ? पाय बराबर पडून न्हाई राह्यला अजून.”

प्रयोगाला पुढच्या रांगेत मिलचे कामगार होते. सुजातानं मोकळी जमीन ओलांडली, आणि अख्ख्या रांगेनं आपापले पाय आखडून घेतले.

आता नवं नाटक घेतलं, की मी कलाकारांना आधी विचारतो, घरी कोण काय काम करतं? मोबाइल नंतर.