टॉवरच्या पायथ्याचं पाणी

माझा धाकटा भाऊ वाळवंटातल्या एका शहरात टॉवरच्या काचा पुसायला होता. गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या गावात दुमजली घर नाही, आणि हा पठ्ठ्या ढगात लोंबकळायचा. सुट्टीत आला की अंगणात तीन बांबू एकमेकांना टेकवून उभे करायचा आणि मला शिकवायचा. टॉवरला असे तीन पंख आहेत, एक दुसऱ्याला पडू देत नाही. वर जाताना तो पायरीपायरीने बारीक होतो, म्हणजे वाऱ्याला धरायला जागाच मिळत नाही. खाली दुकानं, त्यावर हॉटेल, मग राहायची घरं, मग कचेऱ्या. आणि शेंड्याला? शेंड्याला कोणीच नाही, नुसती उंची दिसावी म्हणून सांगाडा चढवलेला. माय म्हणायची, "कोनी राहत नाई तं बांधलं काऊन?" त्यावर तो खो खो हसायचा.

काचेचं त्याला भारी कौतुक. बाहेर भट्टी पेटली असली तरी आत लोक शाल पांघरून बसतात, म्हणे. ती काच ऊन आत घेतच नाही, परत फेकते. कोणावर फेकते हे त्याने सांगितलं नाही आणि माझ्याही टाळक्यात आलं नाही. एका दुपारी तो काचा पुसायच्या लोंबत्या पाळण्यातून खाली उतरला, मागच्या दाराशी बसला आणि उठलाच नाही. उन्हाने मेला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात वाढलेलं माझं भावंड, उन्हाने! त्या इमारतीची तारीफ करणाऱ्यांच्या तोंडात मला आजही मूठभर वाळू कोंबावीशी वाटते.

देह पेटीतून आला, पुरला. पण आमच्यात तेवढ्याने माणूस घरी येत नाही. तो जिथे मेला तिथल्या जवळच्या पाण्यापाशी जाऊन त्याला नावाने हाक मारायची, पाण्यात हात घालायचा आणि पहिलं जे हाताला लागेल, मासा, खेकडा, गोटा, ते घेऊन यायचं. त्यात बसून जीव येतो. मग गावाबाहेर पूर्वजांच्या दगडांत त्याचा दगड उभा राहतो. तोवर तो परकाच. मायच्या घशाखाली घास उतरत नव्हता तो यासाठी. मेला हे तिने सोसलं होतं. तिकडे एकटा राहिला, हे तिला सोसत नव्हतं.

गावचाच एक, भावाचा सोबती, त्याच टॉवरखाली झाडूकामाला होता. मायने फोनवर त्यालाच गळ घातली. वाळवंटात ओढा कुठला? जवळचं पाणी म्हणजे टॉवरसमोरचं कारंज्याचं तळं. तिकडे कामगारांना फिरकायची बंदी. राहणाऱ्यांचं दार वेगळं, हॉटेलचं वेगळं, कचेऱ्यांचं वेगळं, आणि यांचं मागून, तळघरातून. ही दारं आखणारा डोकेबाज माणूस मला एकदा भेटायला हवा होता. सोबती तरीही गेला. पहारेकऱ्यांनी मानगूट धरून ओढायच्या आत त्याने हाक मारली आणि पाण्यात हात घातला. त्यापायी त्याला कामावरून काढून घरी धाडलं.

तो आला त्या सकाळी सगळी भावकी आमच्या अंगणात जमली. पूजा सांगणारा गावचा म्हातारा भूमक मधोमध बसला. सोबत्याने रुमाल सोडला. आत कारंज्याच्या नळाचा लोखंडी नट होता.

भूमकाने हात मागे घेतला. "लोखंडाले जीव भितो. ह्यात बसून कसा येईन तो?"

"तिथी खाली गुळगुळीत फरशी आहे, बाबा. मासा नाई, गोटा नाई. हेच लागलं."

मी सोबत्याला बाजूला ओढलं. "अरे खुळ्या, येताना कुठूनही एक गोटा उचलायचा होता! कोणाला कळलं असतं?"

"पहिलं लागलं तेच आणा लागते ना, ताई. दुसऱ्या गोट्यात तो नसता. मंग मी कोणाले घेऊन आलो असतो?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच.

भूमकाने दगड उभा करायला नकार दिला. पुन्हा हाक मारून आणा, म्हणाला. कोण मारणार? तिथे आता आमचं माणूस नाही, आणि सोबत्याला कोणी परत त्या देशात घेणार नाही. भावकी धोतरं झटकून उठली. भावकीतली एक बाई जाता जाता म्हणाली, गावातच मेला असता तर बरं झालं असतं.

मायने सोबत्याला जवळ बसवलं, भात वाढला आणि विचारलं, "तू हाक मारली, तवा तो काही बोलला का?"

"पाणी लय उंच उडून राह्यलं होतं, काकी. गाणंबी लावलं होतं मोठ्यानं. मले काही आयकू आलं नाई."

"मंग तुई हाक त्याले आयकू गेली असन का?"

त्याने हातातला घास खाली ठेवला.