बागेची कालपट्टी

निफाडच्या अंगाला, विहिरीच्या वरच्या तुकड्यात सावळीरामची थॉमसन द्राक्षांची बाग. लग्न झालं तेव्हा त्यानं आन् सगुणाबाईनं मिळून खड्डे खांदले, मांडव उभा केला. आता खोडं म्हातारी झाली, माल धड येईना. यंदाचा खुडा, म्हंजे घडांची काढणी, उरकला तसं पोरानं ठरवलं, सोमवारी मशीन आणून बाग उपटायची, नवी जात लावायची. सावळीराम आडवा आला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, "बाग जाऊ दे. पण तिचा जलम कुठंतरी सलग दिसला पाह्यजे."

म्हणून रविवारी नात वेदिका नाशिकहून लॅपटॉप घेऊन आली. इंटरनेटवर कालपट्टी बनवायची साधनं असतात. सालावर बोट टेकवलं की फोटो उघडतो, आवाज ऐकू येतो. तिनं तीन साधनं हेरून आणली होती.

पहिलं लय देखणं. फोटो झोकात सरकत यायचे. पण दर नोंदीला पक्की तारीख मागायचं.

"आबा, मांडव कधी उभारला?"

"तुह्या बापाच्या बारशानंतर."

"खोटं!" सगुणाबाई चुलीपुढून ओरडली. "बारशाचे पाव्हणे मांडवाच्याच सावलीला जेवले. तुमी वाढायला व्हते ना?"

"व्हतो. पर माझं ध्यान जिलबीकडं."

तारखेवाचून ते साधन अडून बसलं. दुसऱ्याचं नुसत्या सालावर भागायचं. वेदिकानं भराभरा सगळं भरलं. सावळीरामनं चष्मा सारखा केला आन् उखडला.

"हे काय? छाटणी हिकडं आन् खुडा तिकडं?"

"आबा, छाटणी ऑक्टोबरात, खुडा फेब्रुवारी-मार्चात. मधे वर्ष बदलतं ना!"

"तुहं बदलत आसन. वेलीचं नाय बदलत."

गारपिटीचं साल उघडलं तर आणखीच घोळ. मार्चात गारांनी पिकला माल झोडपला, आन् सालाच्या त्याच चौकटीत त्या ऑक्टोबरची नवी छाटणी. बघणाऱ्याला वाटावं, बाग धडधाकट.

सगुणाबाई हात पुसत आली, वाकून बघितलं. "मंग आपुन रडलो कशाला?"

वेदिकानं तिसरं साधन उघडलं. "दिसायला अगदीच साधं आहे, आजी."

"मी तरी कुठं हिरोईन हाय? दाव."

त्यात कुठल्याही महिन्यापासून कुठल्याही महिन्यापर्यंत पट्टी ओढता यायची. तारीख अंदाजे चालायची. पासवर्डाशिवाय फोनवर उघडायचं. छाटणीपासून खुड्यापर्यंत एकेक हिरवी पट्टी पडत गेली. दर पट्टीवर म्हातारा-म्हातारी भांडली. कोणत्या साली मजूर मिळाले नाहीत, कोणत्या साली घड नारळाएवढे लोंबले. गारपिटीची पट्टी आली ती अर्ध्यातच तुटलेली. सगुणाबाईनं तिच्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "वेदे, हितं माझा आवाज घे. दोन्ही हातांनी गारा लोटल्या आमी, ते सांगते."

साधन ठरलं ते तिथंच.

दिवेलागणीला यंदाची पट्टी तेवढी राहिली. वेदिका जरा अडखळली. "आबा, पुढं काय लिहू?"

"लिही, खुडा झाला, मंग बाग उपटली. आमी दोघं हजर व्हतो."

"तुमीच व्हा हजर," सगुणाबाई उठली. "मला भाकरी थापायच्यात."

सोमवारी मशीन आलं, तेव्हा सावळीरामच्या आधी तीच बांधावर उभी होती.