साहेबांसाठी राखलेलं गरम पाणी

आमच्या जालन्यात ऊन रोज असतं, नळाला पाणी मात्र आठ-आठ दिवसांनी. तरी मी गच्चीवर सोलर बंब बसवला आणि घरपट्टीत सूट मिळावी म्हणून पालिकेत अर्ज दिला. माणूस येऊन बंब चालू आहे का ते बघेल, असं तिथं सांगितलं. कधी येईल, ते कुणी सांगेना.

त्यानं नळ सोडला आणि टाकी रिकामी निघाली तर? मी घरात हुकूमच काढला, तपासणी होईपर्यंत बंबाच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. माघाची थंडी होती. बायको तणतणत गॅसवर पाणी तापवायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "माझ्यासाठी गॅस जाळू नका," आणि गार पाण्यानं अंघोळ करू लागले. फाटक वाजलं की मी ताडकन उठायचो. दुपारी ऑफिसातून उगाच घरी चक्कर मारायचो. अण्णा खोकायला लागले, तरी मी म्हणायचो, "आजच्या दिवस थांबा."

नवव्या दिवशी तो आला. गाडीवरून उतरलाही नाही. मान वर करून मोबाइलवर बंबाचा फोटो काढला.

"वर चला ना साहेब, नळ सोडून दाखवतो. चटका बसतो बघा!"

"गरज न्हाई," म्हणत तो गेलासुद्धा.

मी रिकामी बादली घेऊन फाटकात उभाच. मागून अण्णांनी हळूच विचारलं, "मंग आता मी करू का रे अंघोळ?"