जंगलवाल्या दादाचा सल्ला

माझ्या थोरल्या भावाला सगळे नातेवाईक 'जंगलवाले' म्हणतात. दादा वनखात्यात होता हे खरं. पण ती आख्खी नोकरी लाकडाच्या डेपोत, पत्र्याच्या शेडमध्ये, खुर्चीला चिकटून झाली. तोडून आलेल्या ओंडक्यांवर हातोडीने शिक्के मारायचे आणि लिलाव पुकारायचा, एवढाच त्याचा जंगलाशी संबंध. गप्पा मात्र अशा मारतो की वाघसुद्धा ह्याला विचारून पाण्यावर जात असावेत.

माझ्या मुलीला जंगल, माती, पाणी राखायचं काम करायचंय. वनशास्त्राच्या पदवीला तिचा नंबर लागला. प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा माझ्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे शेपूट घातली आणि दादाला बोलावलं. ह्या माणसाला चष्म्याची फ्रेम घ्यायची तरी दादाचा होकार लागतो.

दादा सोफ्यावर ऐसपैस बसला आणि सुरू झाला. वनशास्त्र म्हणजे उन्हातान्हात वणवण. त्यापेक्षा पर्यावरण व्यवस्थापनाची पदवी घ्यावी, गार केबिनमध्ये बसून अहवालांवर सह्या ठोकाव्यात. मुलीने सांगून पाहिलं की त्या पदवीच्या कॉलेजात रोपवाटिका नाही, मातीची प्रयोगशाळा नाही, जंगलातला मुक्काम नाही. दादाने तिला उडवून लावलं. आयुष्य जंगलात गेलं म्हणे ह्याचं. माझा नवरा नंदीबैलासारखा मान हलवत होता. माझं डोकं फिरलं होतं.

मुलगी मात्र शांतपणे उठली आणि मामाला फाटकाजवळच्या झाडापाशी घेऊन गेली. आम्हीही मागोमाग गेलो.

"मामा, हे कशाचं झाड आहे?"

दादाने झाडाभोवती एक फेरी मारली. वर पानांकडे बघितलंसुद्धा नाही. खोडावर बोटांनी टकटक केली, कान लावला.

"असं उभ्या उभ्या कसं सांगणार? आधी तोडायला हवं. आतलं लाकूड दिसलं की लगेच सांगतो."

हे तो अगदी गंभीरपणे म्हणाला. झाड शिसवाचं होतं. जन्मभर शिसवाचेच ओंडके विकले ह्याने.

कोणी हसलं नाही. नवरा घरात गेला, कागदांची पिशवी घेऊन बाहेर आला आणि दादाकडे न बघता मुलीला म्हणाला, "चल, कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचू."

दादा मला विचारायला लागला की त्याचं काय चुकलं. ह्याच्या नादाला लागून माझ्या पोरीची चार वर्षं वाया जाणार होती. मी त्याला साधा चहाही विचारला नाही.