कोलामीत सांगितलेली गोष्ट

सोमवार, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरचा शाळेचा पहिला दिवस. हजर: मी, म्हणजे मुख्याध्यापिका, खिचडी शिजवणाऱ्या शांताबाई, शाळा समितीचे अध्यक्ष, वंदनाताईंचे यजमान आणि सगळी मुलं. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. मग मुलं आत गेली आणि पहिली-दुसरीच्या वर्गात बाईच नाहीत, हे तेव्हा खरं कळलं... त्या वर्गाच्या वंदनाताई मे महिन्यात गेल्या. झोपेतच.

आर्वीकडच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत आम्ही अनेक वर्षं बरोबर काढली. मी याद्या करणारी. श्रेणी वेळेत भरून पाठवणं हे माझं काम, आणि ते लांबवणं त्यांचं. त्या नोंदी पेन्सिलीने करत. दिवाळीत न येणारी वजाबाकी संक्रांतीला आली, की जुनी नोंद खोडून टाकत. दोन्हींची सरासरी काढा, असं मी सांगितलं तर हसल्या. "पोरगा सायकल शिकताना पडलता, म्हणून आता अर्धीच चालवते म्हणाचं काय, मॅडम?"

आमचं खरं भांडण झालं ते रुक्मावरून. ती पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली. दुसरीत आली तरी वर्गात तोंड उघडत नसे. 'ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगते' या ओळीपुढे मी 'अजून नाही' लिहायला सांगितलं. वंदनाताईंचं म्हणणं, एकदा तसं लिहिलं की पोर कच्च्या मुलांत गणली जाते, आणि मग तिथेच राहते. वंदनाताईंनी तिला व्हरांड्यात बसवलं आणि गोष्ट कोलामीत सांगायला लावली. पोरगी कोल्ह्याचा आवाज काढत, हात उडवत अशी सुटली की शांताबाई चुलीवरची खिचडी सोडून बघायला आल्या. मला एक शब्द कळला नाही. वंदनाताई मात्र मध्येमध्ये खुदखुदत होत्या. पोडावर जाऊन-जाऊन, बायांजवळ बसून त्या ती भाषा शिकल्या होत्या.

मी म्हटलं, विषय मराठी आहे.

"गोष्ट सांगता येते का, हेच पाहाचं होतं ना? येते तिले. मराठीत सांगाचं शिकून राह्यली ते. त्याची ओळ येगळी टाका."

मी कुरकुरत दुसरी ओळ आखली. वर्ष संपायच्या आत रुक्मा मराठीतही सांगू लागली. आता ती आर्वीला वसतिगृहात राहून पाचवीत शिकते.

यंदा तिचा धाकटा भाऊ लच्चू पहिलीत आला आहे आणि तो वर्ग सध्या माझ्याकडेच आहे. त्यालाही मी म्हटलं, गोष्ट तुझ्या भाषेत सांग. त्याने सांगितली, चांगली लांबलचक. मी मान हलवत राहिले. मध्येच तो थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला... बहुधा तिथे हसायचं होतं.

त्याच्या नावापुढे मी अजून काही लिहिलेलं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोडावर जायचं ठरवलं आहे. अजून जाणं झालेलं नाही.